मागचा खोकला माझा

वहिनीने मला फसवलं. हे आधीच सांगून टाकते, कारण आमच्या धंद्यात भाव आधी सांगतात, गोड बोलणं मागाहून. जिच्या साडीवरचा हळदीचा डाग बघून बायकांना माहेर आठवतं, जिला सगळा जिल्हा ‘आपल्यातली’ म्हणतो, त्या बाईने मला तोंडावर शब्द दिला आणि माझी पाठ वळल्यावर मोडला. पैशाचं काही नाही. पैशात मला फसवणारा अजून जन्माला यायचाय. तिने माझा आवाज वापरला, मला सासू केलं आणि माझ्या डंक्याचं नाव घालवलं.

मला मूलबाळ नाही. सून कुठून येणार? तरीही मंगळवार पेठेतून चालत निघाले की कुणीतरी अनोळखी बाई अडवते आणि म्हणते, “सून लई गुणाची हाय बगा तुमची. जरा कमी बोलत जावा तिला.” पहिल्यांदा हे ऐकलं तेव्हा मी भाजीची पिशवी धरून भर रस्त्यात तशीच उभी राहिले. मागून रिक्षावाला हॉर्न वाजवत होता. उभ्या आयुष्यात माझं तोंड कुणी बंद केलेलं नाही. त्या बाईने केलं, आणि कौतुकाने हसत केलं.

डंका म्हणजे आमच्याकडे मिरची कांडायचं यंत्र. लोखंडी मुसळं एकामागून एक आपटत राहतात, खाली लाल भुकटी होत जाते, आणि आसपासची गल्ली शिंकत असते. उन्हाळ्यात इथल्या प्रत्येक घराला वर्षाची चटणी करायची असते. चटणी म्हणजे आमची लाल कांदा-लसणाची. आमटीत ती, भाजीत ती, काहीच नसेल तर भाकरीवर तेल घालून ती. ब्याडगी रंगाला, लवंगी जाळाला, आणि मग ज्या त्या घराचं गणित. बाई आपला डबा घेऊन येते आणि तिची चटणी होईपर्यंत डंक्यापासून हलत नाही. दुसरीच्या मिरचीत आपली मिसळली तर वर्षभर परक्या घरची आमटी खावी लागते, असं इथे मानतात. डंकावालीवर विश्वास असेल तरच बाई पाणी प्यायला उठते. माझ्या डंक्यावर बायका पाणी प्यायलाच काय, मंडईत जाऊन यायच्या. हे नाव मी कमावलं होतं. नवरा लग्नानंतर परागंदा झाला तेव्हा मी मार्केट यार्डात मिरचीचे देठ खुडायला बसले, मग पोती उचलली, मग पोत्यांचा भाव करायला शिकले. जे व्यापारी मला “बाई, बाजूला व्हा” म्हणायचे ते आता मी दुकानात शिरले की आधी चांगला माल आत दडवतात, कारण मी तोच मागणार आणि पडेल भावात मागणार हे त्यांना माहीत आहे.

तर ही बाई एके दिवशी डंक्यावरच्या रांगेत येऊन बसली. हातात डबा नाही, पिशवी नाही. मी विचारलं, “पावणं, मिरची कुठाय तुमची?”

“मिरची न्हाय. नुसतं बघाय आलोय,” ती म्हणाली. इथल्या बायका ‘मी आलो, मी जातो’ असंच बोलतात. तीही तशीच बोलली, म्हणून मला काही वेगळं वाटलं नाही. वेगळं वाटलं ते नंतर. रांगेतल्या एका बाईने कपाळावरचा घाम दंडाने पुसला, कारण तळहाताला मिरची होती. ही उठली, पायरीवर गेली, आणि कोरड्या कपाळावर कोरडा दंड फिरवू लागली. एकदा फिरवला, मान हलवली, पुन्हा फिरवला. तिसऱ्या वेळेला जमल्यासारखी हसली. मला वाटलं डोक्यावर परिणाम झालाय बिचारीच्या. मी तिला पाणी दिलं.

आणखी एक गोष्ट मी त्याच दिवशी पाहिली होती. सगळी गल्ली शिंकत होती आणि ती शिंकत नव्हती. पुढे ती फोनसमोर बसायची तेव्हा मात्र हवी तिथे हवी तेवढी शिंकायची. शिंक येण्याआधीचं तोंडसुद्धा करायची.

ती मोबाइलवर ‘वहिनी’ या नावाने व्हिडिओ करत असे. फार मोठं काही नाही. एक साधी बाई, साधं स्वयंपाकघर, चूल पेटत नाही, दूध उतू जातं, नवऱ्याचा डबा करायला उशीर झालाय, आणि ती हसत हसत बोलत असते. तिला राहायला जागा हवी होती आणि माझ्या डंक्यावरची खोली रिकामी होती. मी सौदा केला. भाडं कमी घेईन, पण तुझ्या व्हिडिओत चटणी माझी दिसली पाहिजे. तिने एका दमात हो म्हटलं. समोरचा एका दमात हो म्हणाला की शहाण्या माणसाने सौदा पुन्हा तपासावा. मी तपासला. मला त्यात माझाच फायदा दिसला.

नवरा नव्हताच तिला. ‘आमचं हे’ म्हणून ती ज्याचा उल्लेख करायची, ती खुंटीवर टांगलेली एक चौकड्याची लुंगी होती. स्वयंपाकही तिला आवडत नसे. व्हिडिओत केलेली भाजी ती माझ्या कामवाल्या बायकांना देऊन टाकायची आणि कोपऱ्यावरच्या गाड्यावर जाऊन मिसळ खायची, पर्समधला स्वतःचा चमचा काढून, उभ्यानेच. एकदा मी म्हटलं, एवढी भरली वांगी केलीस, दोन घास खा की. तर म्हणाली, “कामाच्या ठिकाणचं खाऊ नये, अक्का.” मी त्या वाक्यावर कितीतरी वेळ विचार करत बसले. स्वयंपाकघराला कामाचं ठिकाण म्हणणारी बाई मी तोवर पाहिली नव्हती.

भांड्यांची गोष्ट तर मी अजून यार्डात सांगते. भंगारवाला दारात आला होता. त्याच्याकडे दोन ॲल्युमिनियमची पातेली होती. एक धडधाकट, एक चेपलेलं, बुडाला काळं, एक कान निखळलेला. मी सवयीने पुढे होऊन धडधाकट पातेल्याचा भाव पाडायला लागले. ती मागून आली आणि चेपलेलं पातेलं छातीशी धरलं. भंगारवाल्याने तिची नजर ओळखली आणि भाव वाढवला. आणि तिने दिला! चांगल्या पातेल्यापेक्षा जास्त दिला. मला घाम फुटला. मी म्हटलं, अगं, कान तुटलाय त्याचा.

“म्हणूनच की,” ती म्हणाली. “ह्या एका कानात चार बायकांचं आयुष्य हाय. चांगल्या पातेल्यात फकस्त पातेलं हाय.”

नव्या साड्यांचंही तेच. चांगली सुती साडी आणायची, सोड्याच्या पाण्यात उकळायची, गच्चीवर माझ्या मिरच्यांच्या शेजारी उन्हात टाकायची, परत उकळायची. साडी म्हातारी झाली की नेसायची. हळदीचा डाग ती स्वतः पाडायची, पोटाच्या डाव्या बाजूला, जिथे हात पुसला जातो बरोबर तिथे. डाग फिका झाला की नवा. तिचं एक बोलणं होतं, ते तिने मला इतक्यांदा ऐकवलं की डंक्याच्या आवाजासारखं डोक्यात बसलं: “बाई चुकली की आपली वाटती, बरोबर असली की सासू वाटती.”

म्हणून प्रत्येक व्हिडिओत ती एक चूक करायची. ठरवून. मीठ विसरायची, चमचा पाडायची, भाकरी करपवायची. चूक कुठे करायची हे ती आदल्या दिवशी ठरवायची आणि भाजी कशी करायची हे मला ऐन वेळी विचारायची. आणि बायका लिहायच्या, वहिनी, काल माझी पण करपली, तुमची बघून बरं वाटलं. ती ते मला मोठ्याने वाचून दाखवायची. वाचताना तिचा आवाज भरून यायचा. तो भरून आलेला आवाज खरा होता, हे मात्र मी आजही शपथेवर सांगेन. म्हणून तर डोकं फिरतं.

माहेराची गोष्ट कळली तेव्हा मी पहिल्यांदा घाबरले. कागलची एक मावशी दर उन्हाळ्याला माझ्याकडे येते. घरी म्हशी, शेती, मोठं खटलं. दोन पोती मिरची घेऊन येते आणि दिवसभर बसते. तिने वहिनीला विचारलं, तुझं माहेर कुठलं गं? वहिनी म्हणाली, कागलच्या अलीकडचं. मावशी खूश. दुपारी गडहिंग्लजच्या बायका आल्या. त्यांनीही तेच विचारलं. ही म्हणाली, गडहिंग्लजच्या पलीकडचं, आणि तिच्या बोलण्यात लगेच तिकडचा कानडी हेल आला. मी दोन हातांच्या अंतरावर उभी होते, दोन्ही ऐकलं. संध्याकाळी विचारलं, खरं माहेर कुठलं तुझं? ती म्हणाली, “अक्का, जी विचारती तिच्या शेजारचं.” आणि मिसळ खायला गेली. तिचं खरं गाव मला आजपर्यंत माहीत नाही. माझ्या छताखाली राहणाऱ्या बाईचं गाव मला माहीत नाही, आणि हजारो बायका तिला स्वतःच्या गावची समजतात.

आता खोकला. एकदा ती खाली डंक्याशेजारच्या ओट्यावर व्हिडिओ करत होती, फोन माझ्याच चटणीच्या डब्याला टेकवलेला. मी मागे मिरची चाळत होते. मला ठसका लागला. मोठा लागला. तो फोनमध्ये गेला. ती क्षणभर थांबली, डोळे मोठे केले, पदर सावरला आणि कुजबुजली, “सासूबाई उठल्या वाटतं.”

दुसऱ्या दिवशी तिच्या फोनवर पाऊस पडावा तशा बायका पडल्या. सासूचा खोकला हुबेहूब आमच्या घरातला. सासूला दाखवा. नको, दाखवू नका, नुसती खोकू दे. मी ओरडले. ती माझ्याहून फार तर पाचसात वर्षांनी लहान असेल. मला सासू म्हणायला काय झालं? ती हात जोडून हसत होती आणि म्हणत होती, “अक्का, तुमी काईच करू नगासा. फकस्त मागं ऱ्हावा.”

मी मागे राहिले. राहिले म्हणजे कुठे जाणार, डंका माझा. पण त्या दिवसापासून मी जे काही बोलले ते तिच्या व्हिडिओत गेलं. तेल कमी घाल गं. गॅस बारीक कर. खोबरं आधी भाज. मी बरोबर ते सांगत होते. तीस वर्षं तेच सांगत आले आहे, आणि त्यावर बायका मला अक्का म्हणत आल्या. तिच्या फोनमधून तेच शब्द बाहेर पडले की बायका म्हणायच्या, काय बाई छळते ही म्हातारी.

एकदा तिला ताप आला. मी म्हटलं, आज मी बसते फोनसमोर. मी पांढरा रस्सा केला. एक थेंब सांडला नाही, एक शब्द चुकला नाही, साडी धुतलेली, केस विंचरलेले. लोकांनी काय लिहिलं? वहिनीला कुठं कोंडलं? ह्या बाईला स्वयंपाक येतो पण आपुलकी नाही. एकीने लिहिलं, ही आपल्यातली वाटत नाही. मी तो फोन हातात धरून बसले. मी, जिचे हात कोपरापर्यंत मिरचीने भाजलेले आहेत, जी वर्षानुवर्षं रोज पहाटे उठून पोती उतरवून घेते, ती आपल्यातली वाटत नाही. आणि जी चमचा पाडायचा सराव करते ती वाटते. तापातून वहिनी म्हणाली, “म्हटलं हुतं की. सगळंच बरोबर करून ठिवलंसा.”

इथवर मी सहन केलं. हसण्यावारी नेलं असंही म्हणेन, कारण डंक्यावर गर्दी वाढली होती आणि गर्दी वाढली की माझा राग उतरतो. पुढचं मात्र हसण्यावारी नेण्यासारखं नाही.

चटणीचा हंगाम होता. ती चटणीचा व्हिडिओ करायला बसली. आता कांदा-लसणाच्या चटणीत सगळा जीव कांद्यात असतो. चिरलेला कांदा उन्हात वाळवायचा, मग तेलात तांबूस, कडकडीत होईपर्यंत परतायचा. बोटाने दाबला तर मोडला पाहिजे. त्यात ओल राहिली तर चटणी आज छान दिसते आणि पावसाळ्यात तिच्यावर पांढरी बुरशी चढते. हे इथल्या पोरीबाळींनाही माहीत असतं, म्हणजे असायचं.

वहिनीची त्या दिवसाची चूक कांद्याची होती. तिने कांदा वाळवलाच नाही. कढईत टाकला, जरा गुलाबी केला आणि म्हणाली, “वाळवत कोण बसतंय? पोरांची शाळा, ह्यांचा डबा. मी तर बाई असाच घालतो. डंक्यावर न्यायचीबी गरज न्हाय, घरात मिक्सरला फिरवायचा आणि कालवायचा. जाऊ दे की.”

मी मागून ओरडले, “कांदा ओला हाय गं, चटणी बुरसणार.”

तिने फोनकडे बघून एक डोळा मिटला. “सासूबाई हायत. बोलणारच.”

व्हिडिओ संपल्यावर मी तिच्यासमोर जाऊन उभी राहिले. म्हटलं, मीठ विसरलीस तर वरून घालता येतं, भाकरी करपली तर दुसरी करता येते, ही वर्षाची चटणी आहे. हे काढून टाक. ती लगेच म्हणाली, “काढतो की अक्का. शब्द.” आणि माझा हात हातात घेतला.

मी तिच्या फोनमध्ये बघायला गेले नाही. व्यापारात शब्द दिला की आम्ही पोतं फोडून बघत नाही. त्या उन्हाळ्यात बायका नुसतीच मिरची घेऊन येऊ लागल्या. मी विचारलं, कांदा कुठाय? तर एकमेकींकडे बघून हसायच्या. आता घरात कालवतो, म्हणायच्या. मला वाटलं मिक्सर आल्यापासून सगळ्यांना घाई झालीय. वाळवून, कडक परतून कालवा म्हणून मी प्रत्येकीला बजावलं. त्या तरीही हसल्या. का हसत होत्या ते मला श्रावणात कळलं.

श्रावणात कागलची मावशी एसटीने आली. मिरचीचा हंगाम नव्हता. डंका बंद होता. तिच्या मांडीवर कापडात बांधलेली बरणी होती. तिने माझ्यासमोर फडकं सोडलं आणि झाकण काढलं. लाल चटणीवर पांढरी, केसाळ साय. तिची पोर त्याच उन्हाळ्यात गडहिंग्लजला दिली होती. माहेरची पहिली चटणी म्हणून मावशीने ही बरणी भरून पाठवली होती. सासरी चार माणसांत झाकण उघडलं गेलं. पोरीच्या सासूने काही न बोलता बरणी परत बांधून दिली. शिवी दिली असती तर बरं झालं असतं, मावशी म्हणाली.

तोवर आणखी बायका जमल्या. दोघीतिघींच्या हातात डबे होते. मला काहीच कळेना. मी म्हटलं, माझ्या डंक्याची मिरची कधी बुरसली आहे का? तेव्हा एकीने फोन काढला आणि तो व्हिडिओ लावला. तसाच्या तसा. कांदा गुलाबी, डोळा मिटलेला, आणि मागून माझा आवाज. मी ओट्याला धरून बसले.

वरून वहिनी जिना उतरली. विटकी साडी, पोटावर हळदीचा डाग. मला वाटलं आता हिचं काही खरं नाही, ह्या बायका हिला उभी सोलतील. खरं सांगते, मला तिची दयाही आली. तिने मावशीच्या बरणीत डोकावलं, तोंडावर पदर धरला आणि आल्या पावली वर गेली. परत आली तेव्हा तिच्या हातात तिची बरणी होती. झाकण काढलं. तिच्यातही तीच पांढरी साय.

“माझीबी गेली की गं सगळी,” ती म्हणाली आणि खाली बसून रडायला लागली.

आणि बायका विरघळल्या. मावशीने, जिच्या पोरीची चार माणसांत मान खाली गेली होती त्या मावशीने, तिला जवळ घेतलं. जाऊ दे बाई, तुझीबी गेली, आमचीबी गेली. कुणीतरी तिला पाणी दिलं. मग मावशीने माझ्याकडे बघितलं. त्या नजरेने मी आजही दचकते.

“अक्का, ती तर भोळी,” मावशी म्हणाली. “तुमी एवढ्या जाणत्या. तुमी तिला अडवाय नगं हुतं?”

मी वाकून वहिनीच्या बरणीत बघितलं. कारण ती बरणी मी ओळखली होती. ती मीच तिला उन्हाळ्यात भरून दिली होती, मी वाळवलेल्या, मी परतलेल्या कांद्याची, वर हिंगाचा खडा ठेवून. तो खडा अजून दिसत होता. माझ्या हातची चटणी तीन पावसाळे बुरसत नाही. कुणी मुद्दाम पाणी घातल्याशिवाय नाही.

मी ते तिथेच बोलले. सगळ्यांसमोर बोलले की हिने पाणी घातलंय. त्या बायकांच्या चेहऱ्यावर जे आलं ते मी विसरणार नाही. राग नव्हता. ओळखीचं हसू होतं. सासू आहे, बोलणारच.

त्या गेल्यावर मी तिला विचारलं, पाणी किती घातलंस? ती डोळे पुसून सरळ बसली आणि पहिल्यांदाच माझ्याशी अशा भाषेत बोलली, जी कागलची नव्हती की गडहिंग्लजची नव्हती, कुठलीच नव्हती. बातम्या सांगणाऱ्या बाईसारखी.

“दोन वाट्या,” ती म्हणाली. “मागच्या आठवड्यात पहिली तक्रार आली तेव्हाच. त्यांची चटणी परत येणार नव्हती, अक्का. सोबत तरी मिळाली.”

“आणि मला?”

“तुम्हाला सोबत कशाला लागते? तुम्ही कधी चुकत नाही.”

मी तिला म्हटलं, तू शब्द दिला होतास. ती म्हणाली की काढायला बसले होते, पण लोक सर्वात जास्त तिथेच हसले असते, मग हात चालला नाही. हे ती लाजून नाही, समजावून सांगत होती. जसा एखादा कारागीर सांगतो की हा टाका असाच पडतो.

महिन्याभरात तिने खोली सोडली. जाताना चेपलेलं पातेलं न्यायला विसरली नाही. लुंगी मात्र खुंटीवरच राहिली. आता ती दुसऱ्या कुठल्यातरी जिल्ह्यात आहे. बोली वेगळी, साडी नेसण्याची तऱ्हा वेगळी, डाग त्याच जागी. चुलीवर काहीतरी करपतं, ती हसते, आणि मागून कुणीतरी बाई खोकते. ती बाई कोण आहे मला माहीत नाही. तिचं कशाचं दुकान आहे, तिने काय कमावलंय, तिला सून आहे की नाही, काहीच माहीत नाही. खोकला मात्र मी नीट ऐकला. ठसका खरा आहे.

वहिनीला विचारून झालं. तिच्याकडे उत्तर नाही, तिच्याकडे फक्त कारागिरी आहे. मला उत्तर तुमच्याकडून हवं आहे, बायांनो. तो व्हिडिओ अजून तसाच आहे. आवाज मोठा करून ऐका. कांदा ओला हाय गं, चटणी बुरसणार. एकही शब्द अडखळलेला नाही. मुसळं धडधडत असताना, दहा जणींच्या गलक्यात, मी सांगितलेलं तुम्ही तीस वर्षं ऐकत आलात. माझ्या भरवशावर मिरची सोडून मंडईला जाऊन आलात. मग तोच आवाज, तेच शब्द, तुम्ही ऐकलेत आणि हसलात. का हसलात?

कागलच्या मावशी, तुम्हीसुद्धा. पुढच्या उन्हाळ्यात याल तेव्हा पोतं उंबऱ्याबाहेर ठेवा. डंका चालू असेल, मी समोर असेन, मागे नाही. आधी उत्तर, मग मिरची.